बासष्ट फुटांचा वेळ

आमच्या घरमालकांनी स्वतःच्या घराचा जिना नऊ वर्षांत एकदाही चढला नाही. धुळ्यात देवपूरला त्यांचं दुमजली घर. वर मी भाडेकरू, खाली ते एकटे. गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की ते अंगणातून ओरडायचे, मी गच्चीवरून ओरडून उत्तर द्यायचो, आणि आमच्या या संवादावरून आजूबाजूच्या तीन गल्ल्यांना नळाला पाणी आल्याचं कळायचं. घर बांधतानाही ते रोज कामावर हजर असायचे, पण जमिनीवर. स्लॅब पडला त्या दिवशी गवंड्यांनी नारळ फोडायला वर बोलावलं, तर यांनी अंगणातूनच नारळ वर भिरकावला. तो पोचला आणि फुटलाही. कशावर फुटला हे मुख्य गवंडी अजून सांगत नाही, फक्त टोपी काढत नाही.

सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणतो. मी पंपाच्या कंपनीत विक्रीचं काम करतो. धुळे आणि जळगाव हे दोन जिल्हे माझ्याकडे. पंधरा फूट पाणी असलेल्या विहिरीत मी तीस फूट पाणी दाखवू शकतो, त्यामुळे माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करायची सवय लोकांना लागली आहे. नानांच्या बाबतीत ती तसदी कोणी घेऊ नये. मी आधीच वजा करून लिहितोय.

जिना चढायचा नाही म्हणून त्यांनी माझ्या गॅलरीला एक कप्पी बसवून घेतली होती. दोर खाली त्यांच्या हातात. सकाळी दुधाची पिशवी, पेपर, कधी मेथीची जुडी, कधी त्यांनी केलेली कळण्याची भाकरी, सगळं बादलीतून वर यायचं. मी सामान काढून घेतलं की बादली खाली. पण मी गॅलरीतून 'सोड' म्हणत नाही तोवर ते दोर ढिला करायचे नाहीत. एकदा मी दूध घेऊन आत गेलो आणि विसरलो. दाढी केली, आंघोळ केली, पोहे खाल्ले, बूट घालून खाली उतरलो तर नाना दोर धरून उभे. दोन्ही हातांनी, पाय रोवून. बादली वर माझ्या गॅलरीशी लटकलेली, आत काही नाही.

मी म्हटलं, "नाना, सोडून द्यायची ना. रिकामी तर आहे."

ते म्हणाले, "आत कोणी नाही हे मला खालून कसं कळणार, भाऊ?"

बादली पाच लिटरची होती. मी हसलो. ते हसले नाहीत.

दर अमावास्येला ते तो दोर बदलायचे. जुना दोर झिजलेला नसायचाच, तरी टाकून द्यायचे. शेजारच्या बायका कपडे वाळत घालायला तो नेत, आणि मला वाटतं आमच्या गल्लीत एक काळ असा होता की नानांच्या दोरांवर वाळलेल्या कपड्यांशिवाय दुसरं कोणी काही घालत नव्हतं.

ही त्यांची दोराची भानगड त्यांच्या धंद्यातून आली होती. नाना आयुष्यभर यारीवर होते. यारी म्हणजे विहीर खोदताना काठावर उभं करतात ते यंत्र: एक इंजिन, तारेचा दोर गुंडाळलेला ड्रम, आणि दोराच्या टोकाला लोखंडी डबा. त्या डब्यातून खालचा दगड-मुरूम वर येतो आणि त्याच डब्यातून माणसं खाली जातात. इंजिनाजवळ बसलेल्याच्या हातात ब्रेकचा दांडा. यारीवाल्यांचा नेम असा की डब्यातला माणूस स्वतःच्या तोंडाने 'सोड' म्हणेपर्यंत ब्रेक सोडायचा नाही. शेताचा मालक म्हणाला तरी नाही, सरपंच म्हणाला तरी नाही. जो खाली जाणार त्यानेच म्हणायचं. नानांनी धंदा सोडून वीसेक वर्षं झाली होती, पण नेम त्यांच्या हातातून गेला नव्हता.

मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून फिरतीवर न्यायचो. विहिरीत वाकून बघितलं की इथे किती हॉर्सपॉवरची मोटर लागेल हे ते सांगायचे, आणि ते खरं निघायचं, त्यामुळे माझी फार अडचण व्हायची. पाच विकायला गेलो की ते तीन सांगायचे, तेही शेतकऱ्यासमोर. तरीही मी त्यांना न्यायचो, कारण रावेरच्या केळीच्या बागांतून एकट्याने हिंडणं म्हणजे हिरव्या पडद्यात डोळे बांधून फिरणं. बोलायला कोणी हवं.

बोलत मात्र ते फारसे नसत. विहिरीवर पोचलो की आधी जमिनीवरून एक दगड उचलायचे, मुठीएवढा, हात लांब करून विहिरीच्या मधोमध धरायचे आणि सोडायचे. फेकायचे नाहीत, सोडायचे. मग ओठ हलायचे. एक. दोन. डुबुक. दर विहिरीवर हेच. वाघूर नदीपासून पांझरेपर्यंत ज्या विहिरीच्या तळाशी नानांचा दगड नाही ती विहीर अजून खोदायची आहे असं समजा. एका शेतकऱ्याला ही करणी वाटली, त्याने लिंबू शोधायला माणूस उतरवला. चोपड्याकडे एका ठिकाणी दगड नेमका नव्या पंपावर बसला. पंप आमच्याच कंपनीचा, आणि हमीच्या कागदावर बिघाडाचं कारण म्हणून मी काय लिहिलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

मी एकदा वैतागून विचारलं, रोज रोज काय मोजता. ते कठड्यावर हात पुसत म्हणाले, "तिसरा आकडा येतो का बघतो."

"येत नाही?"

"फार खोल असेल तर येतो. साठ-बासष्ट फुटाला दोनच येतात." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "दोन आकड्यांत माणसाचं काय काय होईल, भाऊ?"

मला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी आहे. उत्तर दिलं नाही. पंपाविषयी विचारलं असतं तर दिलं असतं.

उत्तर कशाला हवं होतं ते मला त्या उन्हाळ्याच्या शेवटी कळलं. आमची कंपनी दरवर्षी श्रावणात विक्रेत्यांना सहलीला नेते, कारण तेव्हा पंप कोणी घेत नाही आणि विक्रेते दुकानात बसून कंपनीला शिव्या देतात. त्या वर्षी मुंबईच्या अलीकडचं एक मोठं मनोरंजन उद्यान ठरलं होतं. अमळनेरच्या पुढे एका टपरीवर चहा पिताना मी नानांना मोबाइलवर तिथला रोलर कोस्टर दाखवला. गाडी चढते, चढते, टोकाला एक क्षण थबकते आणि मग माणसांसकट खाली कोसळते. नानांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते मी मोजलं नाही, पण चहावर साय धरून ती वाळली आणि टपरीवाल्याने दोनदा विचारलं की चहात काही पडलंय का.

"हे सरळ पडतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जवळजवळ सरळ.

"किती फूट?"

मी म्हटलं, उद्यानाच्या माहितीपत्रकावर शंभर लिहिलंय, म्हणजे सत्तर असेल. आमच्या धंद्यात असंच असतं.

तेव्हा त्यांनी मला सांगितलं. टपरीच्या बाकावर, भर दुपारी, माझ्याकडे न बघता, जणू दुसऱ्या कोणाच्या गावातली गोष्ट असावी तसं.

त्यांची थोरली बहीण, अक्का, चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात दिलेली. तिचा नवरा आणि नाना यांची यारीवर जोडी होती. हे वर, तो खाली. शालक-मेहुण्यांची थट्टा चालायची. मेहुणा डब्यात पाय टाकला की रोज न चुकता म्हणायचा, "सोड रे भो. तुन्ही बहीन काही सोडत नही, तू तरी सोड." आणि नाना रोज हसायचे. एका विहिरीवर बासष्ट फूट झालं होतं. दोन दिवस ब्रेकच्या पट्ट्याला करपल्यासारखा वास येत होता. दोघांनाही आला होता. बाजाराच्या दिवशी चोपड्याहून नवा पट्टा आणू असं दोघांनी मिळून ठरवलं, बाजाराला एक दिवस होता. सकाळी मेहुणा डब्यात उभा राहिला, रोजची थट्टा केली, नानांनी ब्रेक सोडला. पट्ट्याने पुन्हा धरलंच नाही, डबा सरळ तळाशी गेला.

"मी हसत होतो, भाऊ," नाना म्हणाले. "तो गेला तेव्हा माझ्या तोंडावर हसू होतं. ते पुसायला पण मिळालं नाही."

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ बहिणीला माहेरी आणतो. मेहुणा गेल्यावर अक्का आखाजीला कधी आली नाही. दर आखाजीला नानाच तिच्याकडे जायचे. ती जेवायला वाढायची, पापड भाजायची, भाच्यांची लग्नं, गावातली भांडणं सगळं बोलायची, आणि निघताना दारात एकच विचारायची, "त्याले काही समजनं व्हई का रे?" नाना म्हणायचे, "नही अक्का. समजाले येळच नव्हता." ती मान हलवायची. वीसेक आखाज्या हाच प्रश्न आणि हेच उत्तर. त्या वर्षी अक्काच्या पोटात गाठ निघाली होती आणि जळगावच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. बाजेवर पडल्या पडल्या तिने पुन्हा तेच विचारलं, नानांनी तेच उत्तर दिलं, आणि या वेळी तिने मान हलवली नाही. म्हणाली, "तू वर व्हता. तुले काय माहीत?"

ते आजवर त्यांच्या लक्षात आलंच नव्हतं. खरंच, ते वर होते.

"मला एकदा पडून बघायचंय," नाना मला म्हणाले. "मरायचं नाही. नुसतं पडायचं. मग तिला जे असेल ते सांगेन. ती आहे तोवर सांगायला हवं."

रावेरचा एक विक्रेता मुलीच्या बाळंतपणामुळे येणार नव्हता. त्याच्या नावावर मी नानांना बसमध्ये घातलं. एकच पंचाईत होती: साठीच्या वरच्या माणसांना त्या पाळण्यात बसवत नाहीत असं माहितीपत्रकावर लिहिलेलं, आणि नाना सहासष्टचे. निघायच्या आदल्या दिवशी ते केस रंगवून आले. न्हाव्याने एवढा मनापासून रंग लावला होता की डोकं तर काळं झालंच, उजवा कानही झाला. बसमध्ये सगळ्यांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. अर्ध्या विक्रेत्यांचा श्रावणातला उपास होता आणि ते साबुदाणा खाण्यात गुंतले होते, म्हणून कोणी जास्त विचारलं नाही. चोपड्याचे एक मारवाडी शेठ तेवढे शेजारी बसले होते. ते विचारत राहिले की रावेरला दुकान नक्की कुठे. नाना म्हणाले, विहिरीजवळ. शेठ विचारात पडले. रावेरला कोणत्या विहिरीजवळ दुकान नाही?

उद्यानात शिरल्यावर मंडळी पाण्याच्या घसरगुंड्यांकडे धावली. नाना सरळ रोलर कोस्टरखाली जाऊन उभे राहिले आणि मान वर करून त्याचे खांब, सांधे, नटबोल्ट बघत बसले. गाडी डोक्यावरून किंचाळत जायची, यांची मान तिच्याबरोबर फिरायची. तासभर. पाण्याचे तुषार उडून कानावरचा रंग मानेवर ओघळला, त्यांना पत्ता नाही.

गाडीत बसायचं तर लोखंडी जिना चढून वरच्या फलाटावर जावं लागतं. तीन मजल्यांएवढा असेल. नाना पहिल्या पायरीशी थांबले. मी म्हटलं राहू द्या नाना, मी एकटा बसून येतो, काय वाटतं ते तुम्हाला सांगतो, मला सांगायला चांगलं जमतं.

"तुमच्या सांगण्यातलं मी अक्काला काय सांगू?" ते म्हणाले.

मग ते चढले. दोन्ही हातांनी कठडा धरून, डोळे मिटून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पुढे शेठ, मागे मी. आमच्या मागे खोळंबलेल्या रांगेत, माझा अंदाज आहे, दोन-तीन पोरं वयात आली असतील. फलाटावर पोचल्यावर त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी पहिल्याच रांगेत जागा धरली. खांद्यावरून लोखंडी दांडा खाली आला, खटकन बसला. मी शेजारी. आमच्या मागे शेठ, त्यांच्या मागे शहाद्यापासून बोदवडपर्यंतचे सगळे पंपवाले.

फलाटाच्या कडेला काचेची खोली होती. आत चष्मा लावलेला, पन्नाशीचा एक माणूस बटणांपुढे बसला होता. त्याने हात वर केला. नानांनीही हात वर केला.

"ब्रेक कधी पाहिला?"

तो माईकवरून म्हणाला, "काका, हात आत घ्या."

"ब्रेक कधी पाहिला सांगा."

"रोज सकाळी बघतात, काका. सही असते."

"वास आला का सकाळी?"

खोलीतल्या माणसाला काही कळलं नाही. मला कळलं. मागून पंपवाले ओरडायला लागले. कोणीतरी म्हणालं, रावेरकर, उतरा नाहीतर गप बसा. मी त्या माणसाला हात जोडले. त्याने बटणावरचा हात काढला, बाहेर आला, रुळाशी वाकून खरंच एकदा वास घेतला. मी आयुष्यात पुष्कळ खोट्या गोष्टी सांगितल्या आहेत, ही त्यातली नाही. मग तो नानांजवळ आला आणि म्हणाला, "काही वास नाही, काका. सोडू?"

नानांना कोणी असं विचारेल असं वाटलं नसावं. ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.  मागचे पंपवालेही गप्प झाले. का झाले ते त्यांना विचारलं तर सांगता येणार नाही.

"सोड," नाना म्हणाले.

गाडी चढायला लागली तेव्हा मी देवाचं नाव घेत होतो आणि मागे शेठ नवकार मंत्र म्हणत होते. टोकावर पोचलो तेव्हा मला समुद्र दिसला, त्यापलीकडे आफ्रिका दिसली, आणि मग पायाखालून सगळं निघून गेलं. माझी आतडी मागच्या शेठजींच्या मांडीवर राहिली. पण त्या कोसळण्यात मी एकदा शेजारी पाहिलं. नानांचे डोळे उघडे होते. ओठ हलत नव्हते, ते मोजत नव्हते. त्यांची मान डावीकडे वळलेली होती, मागे, खाली, फलाटाकडे.

ते पाच वेळा बसले. मी दोनदा बसलो आणि तिसऱ्या वेळेपासून खाली उभा राहून पाहिलं. पाचही वेळा त्याच जागी त्यांची मान तशीच वळली. पाचव्यांदा ते उतरले. मी त्यांना बाकावर बसवलं, लिंबू सरबत आणलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

"वेळ असतो," ते म्हणाले.

मी रुमालाने त्यांच्या मानेवरचा रंग पुसला.

"खूप असतो. घरी गॅस बंद केला का हे मला आठवलं. मग आईचं जातं. अक्काच्या लग्नात हिरव्या चुड्याला एक पिवळी बांगडी आली होती, ती बदलायला मी धावत कासाराकडे गेलो होतो. बावन्न वर्षं ती बांगडी मला आठवली नव्हती. हे सगळं अर्ध्यात यायच्या आत."

मी म्हटलं, नाना, इथे आपल्याला माहीत असतं की आपण वाचणार. तिथली गोष्ट वेगळी.

"वेगळी कशी? त्यालाही माहीतच होतं की आपण वाचणार. ब्रेक माझ्या हातात होता ना."

 त्यांनी ग्लास बाकावर ठेवला.

"आणि मग माणूस ब्रेकवाल्याकडे बघतो. दुसरं काही सुचतच नाही. राग येत नाही. तो कुठे आहे तेवढं बघतो. जागेवर आहे ना, असं." मग म्हणाले, "हे मात्र अक्काला सांगणार नाही."

बसमध्ये परतीच्या वाटेवर पंपवाले गाणी म्हणत होते. शेठ चातुर्मास म्हणून सूर्य मावळायच्या आत डबा संपवायच्या घाईत होते. त्यांनी न विचारता नानांपुढे दोन खाकरे ठेवले. नानांनी ते रुमालात गुंडाळले. 

चार दिवसांनी मी त्यांना मोटारसायकलवर अक्काच्या गावाला नेलं. मला तसंही चोपड्याला जायचं होतं, असं मी त्यांना सांगितलं. जायचं नव्हतं.

ओसरीत बाजेवर अक्का पडलेली होती. एवढीशी. बाजेवर गोधडी नुसती टाकून ठेवली आहे असं वाटावं, आणि तिच्या टोकाला डोळे. भावाला बघून ती आधी हसली. म्हणाली, "डोकाले बूटपालिश लावं का रे?" सून चहा घेऊन आली, तीही तोंडाला पदर लावून हसत होती. नाना बाजेच्या पायाशी जमिनीवर बसले. त्यांनी चहा बशीत ओतला आणि बशी तशीच धरून ठेवली.

"मी पडीसन उनू, अक्का," ते म्हणाले.

मग त्यांनी तिला सांगितलं: कुठे पडून आलो, पाळणा कसा, उंच किती, किती वेळा बसलो, कशासाठी बसलो. तिला रोलर कोस्टर काय ते समजलं नसावं. पण ती मध्ये काही विचारत नव्हती, फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सून दारातच उभी राहिली.

"येळ ऱ्हास, अक्का," नाना म्हणाले. "मी तुले खोटं सांगं इतला वरीस. गयरा येळ ऱ्हास. मानूसले बठ्ठं आठवस."

अक्का वर आढ्याकडे बघत होती. मला वाटलं आता ही रडणार, आणि मी माझ्या मोटारसायकलची किल्ली खिशात शोधायला लागलो, उगाचच. ती रडली नाही. गोधडीतून तिचा हात बाहेर आला आणि बाजेच्या काठावर पडून राहिला.

"मंग मन्ही आठवन उनी व्हई त्याले," ती म्हणाली.

"उनी व्हई."

"पोरेस्नी बी."

"पोरेस्नी बी, अक्का. बठ्ठास्नी."

तिने डोळे मिटले. तिच्या कपाळावरची एक आठी, जी मला वाटत होती ती जन्माचीच असेल, ती गेली. इतकी वर्षं नाना तिला सांगत आले होते की त्याला काही समजलं नाही, आणि त्यांना वाटायचं त्याने तिला बरं वाटतं. ती मात्र इतकी वर्षं हेच धरून बसली होती की नवरा गेला तो आपली आठवणही न काढता गेला. हे कोणी बोललं नाही. पण आम्हा तिघांनाही, दारातल्या सुनेलासुद्धा, ते एकदम दिसलं.

नानांनी बशी तोंडाला लावली. तेवढ्यात अक्का, डोळे न उघडता, अगदी सहज, कोणाला काय वाटून द्यायचं राहिलं ते आठवावं तशी म्हणाली, "आनि तुन्ही बी."

नानांनी ते तिच्यापासून लपवलं होतं. पण तिच्यापासून ते लपण्यासारखं नव्हतं. पडणाऱ्याला सगळे आठवले, तर त्याच्या आयुष्याचा दांडा ज्याच्या हातात होता तोही आठवलाच असणार. बशीतला चहा नानांच्या बोटांवरून खाली सांडत होता, गरम होता, त्यांनी बशी हलवली नाही.

"व्हय अक्का," ते म्हणाले. "मन्ही बी."

 थोड्या वेळाने तिचा श्वास मोठा झाला. सून घाबरून धावत आली, नाकाखाली बोट धरलं, मग माझ्याकडे बघून पुटपुटली, झोपल्या. दोन महिन्यांत दिवसा डोळ्याला डोळा लागला नव्हता म्हणे. अक्का घोरायला लागली, चांगली मोठ्याने, गड्यासारखी, आणि अंगणातल्या कोंबड्या दूर सरकल्या.

ऊन कलायला लागलं. मी दोनदा उठून उभा राहिलो, दोनदा बसलो. शेवटी वाकून हळूच म्हटलं, नाना, निघायचं का?

ते तिच्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "तुम्ही निघा, भाऊ. तिला जाग आली की ती बघेल. मी इथे दिसायला हवा."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. गाडी आवाज होऊ नये म्हणून ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, आणि तिथून मागे पाहिलं. अक्का झोपली होती. नाना जमिनीवर, बाजेच्या पायाशी, जिथे मान वळवली की पहिल्यांदा नजर पडेल नेमक्या त्या जागी, पाठ ताठ करून बसले होते.